दुःखाला एक भिंत हवी

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एका घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. चोवीस वर्षांचा मुलगा. ठेकेदाराने मैल्याची टाकी साफ करायला उतरवला, तो जिवंत वर आलाच नाही. त्रिसरण-पंचशील झाले, वंदना झाली आणि आदरांजलीची भाषणे सुरू झाली. नऊ जण बोलले. त्यांत आम्हीही होतो. २०१३ चा कायदा काय सांगतो, माणसाला असे टाकीत उतरवणे हा गुन्हा कसा आहे, ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये कशी ठरवली, हे सारे आम्ही तारीखवार सांगितले. कारकुनाची सवय. आकडा चुकलेला आम्हाला खपत नाही. मंडळींनी माना डोलावल्या. आम्हालाही वाटले, चांगले बोललो.

मुलाची आई फोटोजवळ भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर मुलाचा स्टीलचा डबा. कार्यक्रम संपला, आम्ही चपला शोधत होतो, तेव्हा ती दाराशी आली. म्हणाली, "भाऊ, समदे लई चांगलं बोलले. पन माझा पोरगा कसा व्हता, ते कोनीच बोललं न्हाई."

वाचकहो, आम्ही पंचवीस वर्षे चळवळीत भाषणे करीत आहोत. पण त्या माउलीला काय उत्तर द्यावे ते आम्हाला सुचले नाही. "ताई, येतो," एवढेच म्हणालो आणि निघालो.

घरी आल्यावर कपाटातून एक जुने इंग्रजी पुस्तक काढले. फाउंटनच्या फूटपाथवर घेतलेले, कडा फाटलेल्या. जपानमधल्या हिरोशिमा शहरातल्या साध्या माणसांनी काढलेल्या चित्रांचे ते पुस्तक आहे. पूर्वी आम्ही ते नुसते चाळले होते. त्या रात्री पहिल्या पानापासून पाहिले. त्यातून जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

६ ऑगस्ट १९४५. सकाळचे सव्वाआठ. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली. हा आकडा शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचला आहे. पण जे वाचले त्यांचे पुढे काय झाले, ते पुस्तकात फारसे नसते. जपानी भाषेत त्यांना 'हिबाकुशा' म्हणतात. त्यांच्याशी सोयरीक करायला लोक कचरत. पोर अधू निपजेल, रोग लागेल, असे बोलत. नोकरी देताना मालक मागे-पुढे पाहत. म्हणून कित्येकांनी आपण त्या दिवशी हिरोशिमात होतो, हेच लपवले. नवऱ्याने बायकोला सांगितले नाही, आईने मुलांना सांगितले नाही. शिवाय १९५२ पर्यंत देश अमेरिकी फौजेच्या ताब्यात, आणि त्यातली पहिली काही वर्षे बॉम्बविषयी काय छापले जाते त्यावर कडक पहारा. म्हणजे वर सरकार बोलू देत नाही आणि खाली शेजारी ऐकून घेत नाही. दुःखाने जायचे कुठे? ते माणसाच्या आतच बसून राहिले.

अशी एकोणतीस वर्षे गेली. १९७४ साली जपानच्या टीव्हीवर एक मालिका चालू होती. तिच्यात हिरोशिमाच्या बॉम्बचा संदर्भ होता. ती पाहून कोबायाशी इवाकिची नावाचे ७७ वर्षांचे एक आजोबा एक दिवस हिरोशिमाच्या एन. एच. के. केंद्रावर गेले. हातात एक कागद. त्यावर त्यांनी स्वतः काढलेले चित्र होते. ६ ऑगस्टला दुपारी चारच्या सुमारास योरोझुयो पुलाजवळ त्यांनी जे पाहिले ते. आजोबा काही चित्रकार नव्हते. रेषा वाकड्यातिकड्या, माणसे लहान पोराने काढावीत तशी. पण ते दृश्य त्यांच्या डोळ्यांपुढून एकोणतीस वर्षे हलले नव्हते, आणि मरण्याआधी ते मागच्यांसाठी ठेवून जावे असे त्यांना वाटले.

केंद्रातल्या माणसांचे मोठेपण असे, की त्यांनी त्या आजोबांना दारातून परत पाठवले नाही. त्यांनी लोकांना आवाहन केले, तुम्हीही जे पाहिले ते काढून पाठवा. आणि मग चित्रांची रीघ लागली. दोन वर्षांत दोन हजारांवर चित्रे आली. कोणी कॅलेंडरच्या पाठीमागे काढलेले, कोणी जाहिरातीच्या कागदावर, कोणी दारांना लावायच्या कागदावर. पेन्सिल, खडू, शाळेच्या पोरांचे रंग, जे हाताला लागेल ते. चित्र काढणाऱ्यांत बहुतेक पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसे, ज्यांनी शाळा सुटल्यावर कधी रंगाला हात लावला नव्हता. हिरोशिमात या चित्रांची प्रदर्शने भरली, आणि ज्यांनी कधी तोंड उघडले नव्हते त्यांची चित्रे शेजारी-शेजारी भिंतीवर लागली.

या चित्रांची एक खूण आम्हाला फार महत्त्वाची वाटते. पुष्कळ चित्रांवर अक्षरे आहेत. रेषेने जे सांगता आले नाही, ते त्यांनी बाजूला लिहून टाकले. अमुक पूल, अमुक वेळ, ही बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती, इथे मी होतो. काहींनी खाली मेलेल्याची माफी मागितली आहे. पाण्याविषयीची चित्रे तर पाहवत नाहीत. भाजलेली माणसे 'पाणी, पाणी' करीत होती. पण भाजलेल्याला पाणी दिले तर तो मरतो, असा समज होता. म्हणून कित्येकांनी पाणी दिले नाही. ती माणसे तशीच गेली. 'मी पाणी दिले नाही' हा काटा घेऊन वाचलेला माणूस तीस-तीस वर्षे जगला. पाणी नाकारले जाण्याचे दुःख आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. पण पाणी न दिल्याचे दुःख काय असते, ते आम्हाला त्या चित्रांनी शिकवले.

आता प्रश्न असा, की भिंतीवर कागद लावल्याने काय होते? मेलेला परत येतो का? येत नाही. मग?

किसा गोतमीची गोष्ट विहारात आपण अनेकदा ऐकली आहे. मेलेले मूल घेऊन ती औषध मागत फिरत होती. भगवंतांनी तिला सांगितले, ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरातून मूठभर मोहरी आण. ती दारोदार गेली. मोहरी सर्वांकडे होती, पण मरण न पाहिलेले घर नव्हते. या गोष्टीचा अर्थ आपण एवढाच सांगतो, की मरण कोणाला चुकले नाही. तो बरोबरच आहे. पण आम्हाला आता तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. भगवंतांनी तिला एका जागी बसवून प्रवचन दिले नाही. तिला उंबऱ्या-उंबऱ्यावर पाठवले. प्रत्येक घराने तिला आपले मरण सांगितले, आणि प्रत्येक घराने तिच्या हातातले मूल पाहिले. तिचे दुःख एकटीचे राहिले नाही. हिरोशिमाच्या त्या भिंतींनी हेच केले. एका म्हाताऱ्याला आपल्या चित्राशेजारी दुसऱ्याचे चित्र दिसले आणि कळले, की हा पूल त्यानेही पाहिला होता.

हिरोशिमात चित्रांचा हा प्रवास एवढ्यावर थांबला नाही. तिथल्या मोतोमाची हायस्कूलमध्ये कला शिकणारी मुले २००७ पासून एक काम करीत आहेत. एक वाचलेला म्हातारा किंवा म्हातारी, आणि एक पंधरा-सोळा वर्षांचे पोर, अशी जोडी लावतात. म्हाताऱ्याने सांगायचे, पोराने रंगवायचे. एका चित्राला कित्येक महिने लागतात. मुले कच्चे चित्र दाखवतात, आजोबा म्हणतात, 'आग अशी नव्हती, त्यापेक्षा काळपट होती.' मूल पुन्हा रंगवते. अशी दीडशेहून जास्त चित्रे झाली आहेत. म्हाताऱ्याचे ओझे थोडे हलके होते, आणि पोराला इतिहास पाठ करावा लागत नाही, तो त्याच्या हातात उतरतो.

प्रदर्शन म्हटले की सारे गोड-गोड, असेही समजू नका. भिंतीवर कोणाला जागा मिळते आणि कोणाला नाही, हा प्रश्न तिथेही होता. इरी मारुकी आणि तोशी मारुकी हे चित्रकार पती-पत्नी. इरी हे मूळचे हिरोशिमाकडचे. बॉम्ब पडल्यावर काही दिवसांतच दोघे तिथे पोहोचले. पुढे त्यांनी १९५० ते १९८२ या काळात बॉम्बवर पंधरा चित्रे केली. एकेक चित्र सुमारे सहा फूट उंच आणि चोवीस फूट लांब. देश अमेरिकी फौजेच्या ताब्यात होता त्या दिवसांतच त्यांनी ही चित्रे गावोगाव नेऊन दाखवायला सुरुवात केली. लोक चित्रापुढे उभे राहत आणि आपली हकिकत त्यांना सांगत.

या चित्रांपैकी चौदावे चित्र १९७२ सालचे. नाव 'कावळे'. त्या काळी कोरिया जपानच्या गुलामीत होता आणि हजारो कोरियन माणसे हिरोशिमात मजुरीला आणलेली होती. बॉम्बने जपानी आणि कोरियन असा भेद केला नाही. पण नंतर प्रेते उचलणाऱ्यांनी केला. कोरियन प्रेते शेवटपर्यंत पडून राहिली आणि त्यांच्यावर कावळे उतरले. मारुकींनी ते चित्र काढले आणि आपल्याच देशबांधवांपुढे टांगले. हिरोशिमाच्या शांती उद्यानाचेही तसेच. कोरियन मृतांचे स्मारक १९७० साली उभे राहिले ते उद्यानाच्या बाहेर. आत यायला त्याला १९९९ साल उजाडावे लागले. मेल्यानंतरही वेशीबाहेर! हे वाचताना आमच्यासारख्याच्या पोटात काय होते, ते इथल्या वाचकाला समजावून सांगायला नको. म्हणून आम्ही म्हणतो, दुःखाला भिंत हवीच, पण त्या भिंतीवर कोणी बाहेर राहता कामा नये.

हे सारे आम्ही विहार कमिटीच्या बैठकीत मांडले. म्हटले, ग्रंथालयाच्या कपाटामागची भिंत मोकळी आहे. पौर्णिमेला तिथे वस्तीतल्या लोकांनी आपल्या गेलेल्या माणसांची चित्रे, वस्तू, दोन ओळी लिहून लावाव्यात. एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठले. आमच्यापेक्षा वयाने आणि त्यागाने मोठे. म्हणाले, "विहारात हे रडगाणे कशाला? आपण लढणारी माणसे. पोरांना लढायला शिकवा."

त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. रडून मन मोकळे झाले आणि लढाईचा विसर पडला, असे होऊ शकते. ज्याने टाकीत उतरवले त्याला हे फारच सोयीचे. पण हिरोशिमाकडे पाहा. त्या वाचलेल्यांनी १९५६ साली आपली देशव्यापी संघटना बांधली, 'निहोन हिदांक्यो'. पुढच्याच वर्षी औषधोपचाराचा कायदा झाला. पुढे अनेक वर्षे ते सरकारशी भांडले, जगभर हिंडून बोलले. २०२४ साली या संघटनेला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांनी चित्रे काढली ते आणि ज्यांनी हक्क मागितले ते, एकाच समाजातले लोक होते. चित्राने लढाई थांबली नाही. उलट लोकांना कळले, की लढाई कोणासाठी आहे. आम्ही नऊ जणांनी त्या दिवशी कायदा सांगितला, पण कायदा ज्याच्यासाठी मागायचा त्या मुलाचा चेहरा आमच्यापैकी कोणाच्या बोलण्यात नव्हता. ही आमची चूक आहे, आणि ती आम्ही इथे कबूल करतो. भरपाईचा अर्ज आम्ही लिहून दिला आहे, त्याचा पाठपुरावा चालू आहे. तो सोडणार नाही.

आता जिला भाषणांत आपला मुलगा दिसला नव्हता, त्या ताईचे. आम्ही आमच्या मुलीची चित्रकलेची कोरी वही आणि रंगपेटी घेऊन तिच्याकडे गेलो. तिने वही उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. "भाऊ, मला सही बी नीट येत न्हाई. चित्र कुठलं काढू?" आम्ही आग्रह केला नाही. वही तिथेच ठेवून आलो. पंधरा दिवसांनी गेलो तर आठवीतली धाकटी मुलगी वही घेऊन बसलेली, आणि आई भाकरी थापता-थापता सांगत होती. "तसं न्हाई गं. शर्टाचं वरचं बटन तुटलेलं व्हतं त्याचं. आन हसताना मान वाकडी करायचा." पोरगी खोडत होती, पुन्हा काढत होती. हिरोशिमाच्या शाळेत जे चालते, ते या दहा बाय दहाच्या खोलीत कोणी न शिकवता चालले होते. मध्येच आईचे हात थांबले. ती रडली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "आता जरा त्याच्यासारखा दिसतोय."

ती बरी झाली, असे आम्ही म्हणणार नाही. चोवीस वर्षांचे लेकरू गेल्यावर कोण बरे होते? पण त्या दिवशी तिने आपणहून आम्हाला चहा विचारला आणि मुलगा कसा होता ते तासभर सांगितले. आम्ही फक्त ऐकले. हे आम्हाला पंचवीस वर्षांपूर्वीच यायला हवे होते.

बैठकीत शेवटी भिंत मिळाली. ज्येष्ठांनीही हरकत मागे घेतली. फक्त म्हणाले, "मीही एक वस्तू आणीन." कोणाची, ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

तुमच्या वस्तीत असे काही करायचे असेल तर थोड्या गोष्टी ध्यानात ठेवा. ही स्पर्धा नाही. बक्षीस नाही, नंबर नाही, परीक्षक नाही. चित्र सुबक नसले तरी चालेल, पण खाली नाव आणि आठवणीची एक ओळ असावी. लिहिता येत नसेल त्याला शाळेतल्या मुलाने लिहून द्यावे, आणि तो सांगेल तसेच लिहावे, सुधारून नव्हे. कोणावर जबरदस्ती नको. काही माणसांना गप्प राहायचे असते, तोही त्यांचा हक्क आहे. ज्यांच्या घरचे माणूस त्यांना विचारल्याशिवाय काही लावू नका, आणि नंतर ज्याची वस्तू त्याला परत करा. अंगावर येणारे चित्र असेल तर लहान मुलांना त्यापासून दूर ठेवा. त्या भिंतीवर पुढाऱ्याचा बॅनर नको, मग तो आपला असो की परका. आत्महत्येने गेलेला, दारूने गेलेला, घर सोडून गेलेली सून, ज्यांचे नाव घ्यायला घर लाजते, त्यांनाही तिथे जागा असावी. आणि भिंतीजवळ दोन खुर्च्या टाका. एकीवर ज्याचे माणूस गेले तो बसेल, दुसरीवर ऐकणारा.

एक गोष्ट मात्र चित्राच्या आवाक्याबाहेरची आहे. महिनोन्‌महिने झोप नाही, जेवण नाही, जगावेसे वाटत नाही, असे कोणाचे होत असेल तर त्याला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे न्या. १४४१६ हा सरकारी 'टेली मानस'चा फुकट नंबर आहे. त्यावर आपल्या भाषेत बोलता येते. ताप आल्यावर आपण डॉक्टरकडे जातो, तसेच हे. त्यात लाज कसली?

येत्या पौर्णिमेला आमच्या विहारात कपाट सरकवायचे आहे. खिळे आणि सुतळी आम्ही आणतो. ताईने सांगितले आहे, चित्राखाली मुलाचा डबा ठेवायचा, आणि तो रिकामा ठेवायचा नाही.

जयभीम.